गिअरबॉक्सला ताप येतो तेव्हा: पिकअप, ट्रेलर आणि देवमाशाचं तेल

आजच्या भागाचा हा लेखी मजकूर. हेडफोन घरी राहिले असतील तर लोकलमध्ये, बसमध्ये बसून निवांत वाचा.

अमेरिकेत ॲरिझोना राज्यात, कोलोराडो नदीच्या काठावर, बुलहेड सिटी नावाचं एक गाव आहे. तिथून पूर्वेला स्टेट रूट ६८ हा रस्ता निघतो आणि साधारण १८ किलोमीटरमध्ये ९०० मीटरच्या आसपास चढतो. म्हणजे आपल्या बोरघाटापेक्षा बरीच जास्त चढण. आजूबाजूला वाळवंट. उन्हाळ्यात पारा ४० च्या वर जाणं ही तिथली रोजची गोष्ट.

गाड्यांच्या दुनियेत हा चढ प्रसिद्ध आहे. जवळच्या धरणावरून त्याला 'डेव्हिस डॅम ग्रेड' म्हणतात. पिकअप बनवणाऱ्या मोठमोठ्या कंपन्या आपल्या गाड्या इथे आणतात, मागे अवजड ट्रेलर जोडतात, एसी फुल करतात आणि चढायला लागतात.

तपासायचं काय असतं? इंजिनची ताकद, असं वाटेल. ती तर तपासतातच. पण या चढावर आणखी एका गोष्टीचा कस लागतो, जिच्याकडे आपलं सहसा लक्ष जात नाही. ती म्हणजे गिअरबॉक्समधलं तेल किती तापतं. आज त्याच तापाचा इतिहास बघू. यात जहाजं येतात, रणगाडे येतात, तेलटंचाई येते आणि चक्क एक देवमासाही येतो.

अर्ध्या क्लचचा तो वास

सुरुवात ओळखीच्या गोष्टीपासून करू. घाटात ट्रॅफिक तुंबलंय. पुढचा ट्रक एक-एक फूट सरकतोय. तुम्ही अर्धा क्लच दाबून, थोडा ॲक्सिलरेटर देऊन गाडी जागेवर धरून ठेवलीय. पाच-दहा मिनिटांत एक करपट वास येतो. क्लच प्लेट जळायला लागली!

इथे नेमकं काय झालं? इंजिन फिरतंय, चाकं जवळपास थांबलीत. दोघांच्या वेगातला फरक कुणीतरी सोसायला हवा. तो क्लच प्लेट सोसते, घासली जाऊन. इंजिनने दिलेली जी ताकद चाकांपर्यंत पोचली नाही, तिची उष्णता होते. ताकद हवेत विरून जात नाही.

आता ऑटोमॅटिक गाडीचा विचार करा. तिथे क्लचचं पेडलच नाही. सिग्नलला गाडी गिअरमध्ये उभी असते, इंजिन फिरत असतं, आणि तरी गाडी बंद पडत नाही. म्हणजे तो वेगातला फरक तिथेही कुणीतरी सोसतंय. कोण? तर तेल.

जहाजासाठी काढलेली युक्ती

समोरासमोर दोन टेबल फॅन ठेवा. एक चालू करा. त्याच्या वाऱ्याने दुसरा बंद असलेला पंखाही फिरायला लागतो. दोघांमध्ये ना पट्टा, ना दांडा, फक्त हवा. आता हवेच्या जागी तेल घाला, दोन्ही पंखे एका बंद डब्यात बसवा, आणि परत येणाऱ्या तेलाला योग्य दिशा देणारी पात्यांची तिसरी चकती मध्ये बसवा. झाला टॉर्क कन्व्हर्टर. त्या तिसऱ्या चकतीमुळे सुरुवातीला चाकांकडे जाणारा पीळ, म्हणजे टॉर्क, वाढतो. गाडी जागेवरून उचलताना, तीही मागे ट्रेलर असताना, याचा मोठा फायदा.

ही कल्पना मोटारीसाठी निघालीच नव्हती. हर्मान फॉटिंगर या जर्मन इंजिनिअरने १९०५ मध्ये तिचं पेटंट घेतलं, ते जहाजांसाठी. तेव्हा तो स्टेटिन इथल्या व्हल्कन गोदीत काम करत होता. वेगाने फिरणाऱ्या स्टीम टर्बाइनची ताकद हळू फिरणाऱ्या पंख्यापर्यंत कशी पोचवायची, हा त्याच्यापुढचा प्रश्न होता.

पण गोम इथेच आहे. तेल घुसळलं की ते तापतं. जेम्स जूल या इंग्रज शास्त्रज्ञाने १८४० च्या दशकात पाण्यात पाती फिरवून, पाणी किती तापतं हे मोजून दाखवलं होतं. टॉर्क कन्व्हर्टर म्हणजे काही अंशी जूलचाच प्रयोग, चाकांवर बसवलेला.

थोडा हिशोब करू. समजा, चढावर इंजिन १०० किलोवॉट ताकद देतंय आणि त्यातली १० टक्के कन्व्हर्टरमध्ये घसरणीत जातेय. म्हणजे १० किलोवॉटची उष्णता. घरातला गीझर साधारण २ किलोवॉटचा असतो. म्हणजे गिअरबॉक्समधल्या थोड्याशा तेलात एकदम पाच गीझर चालू! आणि चढ संपेपर्यंत ते बंद करायचे नाहीत.

५७ डॉलरमध्ये डाव्या पायाला सुट्टी

१९३९ मध्ये जनरल मोटर्सने हायड्रामॅटिक जाहीर केलं. १९४० च्या ओल्ड्समोबील गाड्यांवर ते जादा ५७ डॉलरला मिळायचं. मोठ्या प्रमाणावर विकलेलं हे पहिलं पूर्ण ऑटोमॅटिक ट्रान्समिशन. त्यात टॉर्क कन्व्हर्टर नव्हता, त्याचा साधा भाऊ होता, फ्लुइड कपलिंग. म्हणजे नुसते दोन पंखे, तिसरी चकती नाही. मागे आपोआप बदलणारे चार गिअर.

लगेच दुसरं महायुद्ध आलं. अमेरिकेच्या एम५ स्टुअर्ट या हलक्या रणगाड्यात कॅडिलॅकची दोन इंजिनं आणि दोन हायड्रामॅटिक बसवली गेली. युद्धानंतर कंपनीने जाहिरातींमध्ये हे भरपूर मिरवलं. जे रणगाड्यात टिकलं ते तुमच्या गाडीत टिकणार नाही का, असा सगळा सूर.

१९४८ मध्ये ब्यूकने डायनाफ्लो आणलं. यात खरा टॉर्क कन्व्हर्टर होता. गाडी इतकी लोण्यासारखी चालायची की गिअर बदलल्याचा धक्काच नाही, कारण नेहमीच्या चालण्यात ती गिअर बदलतच नव्हती. सगळं काम तेलावर. साहजिकच घसरण जास्त आणि उष्णताही जास्त. १९५० मध्ये शेव्हरलेने पॉवरग्लाइड आणलं आणि ऑटोमॅटिक हे स्वस्त गाड्यांतही पोचलं.

मधल्या काळात, १९४९ मध्ये, जनरल मोटर्सने ऑटोमॅटिकच्या तेलासाठी पहिलं मानक ठरवलं, 'टाइप ए'. हे साधं वंगण नव्हतं. या तेलाला चार कामं एकाच वेळी करायची होती: ताकद वाहून न्यायची, गिअरना वंगण द्यायचं, आतल्या क्लच प्लेट्सना नेमकी हवी तेवढीच पकड द्यायची, आणि वर पुन्हा सगळी उष्णता बाहेर काढायची.

शेतातली गाडी सुट्टीवर निघाली

तोपर्यंत पिकअप म्हणजे शेतकऱ्याची, कंत्राटदाराची कामाची गाडी. क्लच दाबा, गिअर टाका, धूळ खा. पण १९५० च्या दशकात चित्र बदलायला लागलं. १९५३ मध्ये फोर्डच्या एफ-१०० पिकअपवर ऑटोमॅटिकचा पर्याय आला, १९५४ मध्ये शेव्हरलेच्या ट्रकवर हायड्रामॅटिक आलं. १९५६ च्या कायद्याने अमेरिकेत इंटरस्टेट महामार्गांचं जाळं विणायला सुरुवात झाली. लोकांच्या हातात पैसा आणि सुट्टी होती. मग गाडीच्या मागे काय काय लागलं! राहायची कॅरव्हॅन, बोट, घोड्यांचा ट्रेलर.

सपाट रस्त्यावर हे सगळं ठीक. पण रॉकी पर्वतातल्या लांबलचक चढावर मागे दोन-अडीच टनांचं ओझं असलं की वेग उतरतो, कन्व्हर्टरमधली घसरण वाढते आणि तेल तापायला लागतं.

कंपन्यांचा ठरलेला उपाय असा होता: गिअरबॉक्समधलं तेल एका नळीने पुढे न्यायचं, रेडिएटरच्या टाकीत बसवलेल्या छोट्या कुलरमधून फिरवायचं आणि परत आणायचं. थंडीत सकाळी याचा उलटा फायदाही होतो, कारण इंजिनचं गरम पाणी गिअरबॉक्सचं तेल लवकर उबदार करतं. पण या योजनेत एक मेख आहे. रेडिएटरमधलं पाणी स्वतःच ९० अंशांच्या आसपास असतं. त्यापेक्षा थंड तेल तिथून मिळणारच कसं? आणि चढावर इंजिनही तापलेलं असतं. म्हणजे तापाचा रोगी दुसऱ्या तापाच्या रोग्याला थंड करतोय!

म्हणून टोइंग करणारे लोक रेडिएटरच्या पुढे, थेट वाऱ्यावर, वेगळा ऑइल कुलर बसवायला लागले. पुढे कंपन्यांनी तो 'टोइंग पॅकेज'मध्ये स्वतःच द्यायला सुरुवात केली.

देवमासा कुठून आला?

आता आजच्या भागातली मला सगळ्यात अस्वस्थ करणारी गोष्ट.

त्या काळच्या ट्रान्समिशन तेलात एक खास घटक असायचा: स्पर्म व्हेल या देवमाशाचं तेल. या प्रचंड प्राण्याच्या डोक्यात एक मेणासारखं तेल असतं. ते रासायनिकदृष्ट्या नेहमीच्या चरबीपेक्षा वेगळं, मेणाच्या जातीचं. त्यावर गंधकाची प्रक्रिया केली की ते धातूला घट्ट चिकटून राहायचं, दाबाखाली आणि उष्णतेत टिकायचं, आणि क्लच प्लेट्सची पकड झटका न देता बसू द्यायचं. ऑटोमॅटिकचा तो प्रसिद्ध 'स्मूथपणा' काही प्रमाणात या तेलातून यायचा.

विचार करा. एक कुटुंब सुट्टीत कॅरव्हॅन ओढत डोंगर चढतंय, आणि त्यांचा गिअरबॉक्स तापू नये, झटके देऊ नये म्हणून हजारो किलोमीटर दूर समुद्रात एक देवमासा मारला गेलाय. गाडीत बसलेल्या कुणाला याची कल्पनाही नसेल.

१९७० मध्ये अमेरिकेने स्पर्म व्हेलला धोक्यातल्या प्रजातींच्या यादीत टाकलं आणि या तेलाच्या आयातीचा रस्ता बंद झाला. तेल बनवणाऱ्यांना पर्याय शोधणं भाग पडलं. १९६७ पासून चालत आलेल्या डेक्सरॉन तेलाची जागा १९७० च्या दशकात डेक्सरॉन-२ ने घेतली, देवमाशाशिवाय.

बदल सोपा गेला नाही. नव्या तेलांपैकी काहींनी कुलरमधल्या धातूला गंज चढवला. कुलरला भोक पडलं की रेडिएटरचं पाणी थेट गिअरबॉक्समध्ये. त्यात भर म्हणजे प्रदूषणाचे नियम पाळताना त्या काळची इंजिनं आधीपेक्षा गरम चालत होती. १९७५ च्या सुमारास ट्रान्समिशन बिघडण्याच्या तक्रारी वाढल्याच्या बातम्या अमेरिकन वर्तमानपत्रांत आल्या, आणि त्याचा संबंध थेट व्हेल तेलाच्या बंदीशी जोडला गेला. गंज रोखणारी सुधारित आवृत्ती मग लवकरच बाजारात आली.

काही लोक आजही म्हणतात की जुनं तेलच भारी होतं. असेलही. पण आजची कृत्रिम तेलं त्याच्या कितीतरी पुढे गेलीत. बंदी आली नसती तर ती शोधायची घाई कुणी केली असती, असं मला वाटत नाही.

घसरणच बंद केली तर?

१९७३ मध्ये अरब देशांनी तेल रोखलं, पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या. १९७५ च्या कायद्याने अमेरिकेत गाड्यांना मायलेजचे नियम आले. आता कन्व्हर्टरमधली घसरण म्हणजे उष्णतेसोबत सरळ सरळ पेट्रोलचा अपव्यय होता.

उपाय जुनाच होता. पॅकार्ड कंपनीने १९४९ मध्येच आपल्या अल्ट्रामॅटिकमध्ये एक क्लच बसवला होता. ठराविक वेगानंतर तो दोन्ही 'पंखे' एकमेकांना जखडून टाकायचा. घसरण शून्य, म्हणजे तिथली उष्णताही जवळजवळ शून्य. याला लॉक-अप म्हणतात. तेव्हा ते फारसं पसरलं नाही, पण १९७८ पासून क्रायस्लरने ते पुन्हा आणलं आणि मग बाकीचे मागोमाग आले.

हाच प्रश्न भारतातही एका इंजिनिअरने हाताळला होता, मोटारीत नव्हे तर रेल्वेत. मनमोहन सुरी यांनी डिझेल इंजिनांसाठी विकसित केलेलं हायड्रॉलिक ट्रान्समिशन 'सुरी ट्रान्समिशन' या नावाने ओळखलं जातं. यार्डात डबे इकडून तिकडे ढकलणाऱ्या डब्ल्यूडीएस-४ जातीच्या इंजिनांत ते वापरलं गेलं. १९६२ चा भटनागर पुरस्कारही त्यांना मिळाला.

परत पिकअपकडे. लॉक-अपच्या जोडीला १९८० च्या दशकात ओव्हरड्राइव्ह गिअर आला. रिकाम्या गाडीला मायलेज छान. पण मागे ट्रेलर असला की वेगळंच नाटक. गाडी ओव्हरड्राइव्हमध्ये जाते, चढ लागतो, ताकद पुरत नाही, लॉक-अप सुटतो, गिअर खाली येतो, वेग वाढतो, पुन्हा वरचा गिअर, पुन्हा तेच. याला 'हंटिंग' म्हणतात. प्रत्येक वेळी क्लच घासतात, तेल घुसळलं जातं, आणि काटा चढत जातो. म्हणून मॅन्युअलमध्ये सूचना यायच्या की ओढताना ओव्हरड्राइव्ह बंद ठेवा.

१९९० च्या दशकाच्या अखेरीपासून यासाठी 'टो/हॉल' बटण यायला लागलं. ते दाबलं की कॉम्प्युटर वरचा गिअर उशिरा टाकतो, गाडी एका गिअरवर ठाम ठेवतो आणि उतारावर खालचा गिअर लावून ब्रेकचा भार हलका करतो. अनुभवी ड्रायव्हर हाताने जे करायचा ते आता बटणावर आलं.

वर्कशॉपमधला तो तक्ता

अमेरिकेत ट्रान्समिशन दुरुस्त करणाऱ्या वर्कशॉपमध्ये एक जुना ठोकताळा चालतो. साधारण ८० अंश सेल्सिअसला तेल १ लाख मैल, म्हणजे १ लाख ६० हजार किलोमीटर टिकतं असं धरा. त्यापुढे दर ११ अंशांना आयुष्य निम्मं. ९१ ला ५० हजार मैल. १०२ ला २५ हजार. ११३ ला साडेबारा हजार. हे आकडे जुन्या खनिज तेलांचे आहेत, आजची तेलं जास्त सोसतात. पण तत्त्व तेच आहे: तापमान वाढलं की तेलाचं ऑक्सिडेशन झपाट्याने वाढतं.

मग पुढचं सगळं ओळीने. आत चिकट थर जमतो, रबरी सील कडक होतात, दाब गळतो, क्लच प्लेट घसरते. घसरली की आणखी उष्णता. लाल रंगाचं तेल तपकिरी होतं आणि त्याला करपट वास येतो. हो, घाटातल्या त्या क्लचसारखाच.

यातून ओढणाऱ्यांनी काही सवयी लावून घेतल्या. चढावर हट्टाने वरचा गिअर धरायचा नाही, खाली यायचं, म्हणजे लॉक-अप टिकतो. ट्रेलर हळूहळू मागे घेताना काट्यावर नजर, कारण तेव्हा वारा नसतो आणि घसरण भरपूर असते. आणि तेल फारच तापलं तर गाडी बाजूला घेऊन इंजिन लगेच बंद करायचं नाही. 'पार्क'मध्ये चालू ठेवायचं, म्हणजे पंप तेल कुलरमधून फिरवत राहतो.

बढाईला लगाम

आता पुन्हा डेव्हिस डॅमच्या चढावर येऊ. १९९० आणि २००० च्या दशकांत पिकअप कंपन्यांची एक शर्यत चालू होती: माझी गाडी इतके पौंड ओढते, माझी त्याहून जास्त. दरवर्षी आकडा वर. पण मोजायचं कसं, हे प्रत्येक कंपनी स्वतःच ठरवायची. म्हणजे परीक्षा आपली, पेपर आपला, तपासणारेही आपणच!

२००८ मध्ये एसएई या अमेरिकन अभियंत्यांच्या संस्थेने जे२८०७ हे मानक प्रसिद्ध केलं. त्यातली एक अट याच चढाची. बाहेर किमान ३८ अंश सेल्सिअस, एसी पूर्ण थंडावर, जाहीर केलेलं पूर्ण ओझं मागे. साध्या चार चाकी पिकअपचा वेग ताशी ६४ किलोमीटरच्या खाली जाता कामा नये, काही मोडता कामा नये, डॅशबोर्डवर धोक्याचा दिवा लागता कामा नये.

मानक ऐच्छिक होतं. टोयोटाने ते २०११ च्या मॉडेलपासून सगळ्यात आधी स्वीकारलं, आणि काही गाड्यांचे आकडे चक्क कमी झाले. जाहिरातीत तोट्याचं, पण प्रामाणिक. बाकी मोठ्या अमेरिकन कंपन्यांना यायला आणखी काही वर्षं लागली. तोपर्यंत त्याच रस्त्यांवर लोक कंपनीच्या आकड्यावर विश्वास ठेवून घरच्यांना घेऊन डोंगर चढत होते. गिअरबॉक्सने मान टाकली तर रस्त्याच्या कडेला, उन्हात, मुलाबाळांसकट तेच उभे राहणार होते, आकडा छापणारे नाहीत.

ताप गेला कुठे?

आज पिकअपमध्ये १० गिअर असतात, तेल पाण्यासारखं पातळ असतं, आणि कुलरकडे जाणाऱ्या तेलावर थर्मोस्टॅट बसवलेला असतो. गंमत म्हणजे कंपन्या आता तेल मुद्दाम बऱ्यापैकी गरम ठेवतात, कारण गरम तेल पातळ होतं आणि मायलेज सुधारतं. जास्त टोइंग करणाऱ्यांना ते थंड हवं असतं. ओढाताण चालूच आहे.

इलेक्ट्रिक पिकअपमध्ये टॉर्क कन्व्हर्टरच नाही. मग प्रश्न संपला? नाही. ओझं ओढायला लागणारी ताकद तेवढीच राहते. आता बॅटरी आणि मोटर तापतात, त्यांना थंड ठेवायला वेगळी यंत्रणा लागते, आणि जड ट्रेलर लावला की एका चार्जमधलं अंतर निम्म्यावर येतं.

मला या सगळ्या इतिहासातून एक गोष्ट दिसते. डाव्या पायाचे कष्ट वाचले, पण ते कष्ट नाहीसे झाले नाहीत. आधी ते तेलाने सोसले, मग देवमाशाने, मग कुलरने, मग कॉम्प्युटरने, आता बॅटरी सोसतेय. कुठलीही सोय घेताना एवढं विचारायची सवय असावी: याचा ताप आता कुणाच्या डोक्यावर गेला?

जाता जाता, ट्रेलर नसलेल्यांसाठी एक कामाची टीप. आपल्याकडच्या बऱ्याच स्वस्त ऑटोमॅटिक गाड्या एएमटी असतात. त्यात टॉर्क कन्व्हर्टर नाही, नेहमीची क्लच प्लेटच आहे, फक्त ती मशीन दाबतं. त्यामुळे घाटात ट्रॅफिक तुंबलं तर ॲक्सिलरेटर देऊन गाडी चढावर धरून ठेवू नका. ब्रेक दाबा. प्लेट वाचेल, पैसेही वाचतील.

तुमच्या गाडीला घाटात कधी असा ताप आलाय का? कमेंटमध्ये नक्की सांगा, आणि हा भाग त्या मित्राला पाठवा जो घाटात अर्ध्या क्लचवर उभा राहतो. भेटूया पुढच्या भागात. तोवर ऐकत राहा!